‘मोनोनोके’ : चित्रबंध आणि कथाबंध

१

चित्रे समोर मांडून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आला आहे. पुढील काळात या परंपरेचे दोन प्रवाह विशेष ज्ञात झाले. एक सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचा आणि दुसरा गोदातीरावरील पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा. पैठणच्या चित्रांतील जाड काळी बाह्यरेषा, एका बाजूने रेखाटलेले चेहरे, मोठे ताणलेले डोळे आणि सपाट, गडद रंग ही वैशिष्ट्ये पाहणाऱ्याच्या स्मरणातून सहसा जात नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळे ती अनेकांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु ज्या कथनासाठी ही चित्रे जन्मास आली, ते कथन त्यांच्यासोबत संग्रहालयात आलेले नाही. पिंगुळीत वाद्यांच्या साथीने पोथी लावून कथा सांगण्याची परंपरा टिकून राहिली. पैठणच्या चित्रांच्या वाट्याला मात्र बव्हंशी काचेआडचे मौन आले.

या वस्तुस्थितीतून समीक्षेपुढे एक प्रश्न उभा राहतो. कथेसाठी काढलेल्या चित्राचे सौंदर्य कथेवाचून पूर्ण होते काय? आणि उलट, चित्राच्या मोहात कथा दुबळी राहिली, तर त्या कृतीचे मूल्य कशाने ठरवावे? हा प्रश्न केवळ जुन्या पोथ्यांपुरता नाही. आजचा विद्यार्थी ज्या चित्रकथा आवडीने पाहतो, त्यांत जपानी ॲनिमे मालिकांचा वाटा मोठा आहे. त्यांविषयी जे बोलले जाते, ते बहुधा ‘चित्रे अप्रतिम आहेत’ या एका वाक्यापाशी थांबते. म्हणून ज्या मालिकेची कीर्ती मुख्यतः तिच्या चित्ररूपावर उभी आहे, अशी एक मालिका घेऊन या प्रश्नाची चिकित्सा करणे उपयुक्त ठरेल. केंजी नाकामुरा दिग्दर्शित ‘मोनोनोके’ ही ती मालिका होय.

२

तोएई ॲनिमेशन या संस्थेने निर्मिलेली ही बारा भागांची मालिका २००७ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात जपानमध्ये फुजी टेलिव्हिजनवरून प्रसारित झाली. तिचे मूळ २००६ च्या ‘आयाकाशी’ या भयकथामालिकेतील ‘बाकेनेको’ या अखेरच्या कथेत आहे. हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ मधील ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटाशी तिचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. ‘मोनोनोके’ हा शब्द जपानी वाङ्मयात जुना आहे. ‘गेंजी मोनोगातारी’ या अकराव्या शतकारंभीच्या कथाग्रंथात रोकुजो नावाच्या मानिनीचा मत्सर तिच्या जिवंतपणीच देहाबाहेर पडून दुसऱ्या स्त्रीला पीडा देतो. मानवी मनातील दडपलेला भाव स्वतंत्र, पीडक सत्ता धारण करतो, हीच मालिकेचीही मूळ कल्पना आहे.

मालिकेत पाच आख्याने आहेत. ‘झाशिकी-वाराशी’, ‘नोप्पेराबो’ आणि ‘नुए’ ही प्रत्येकी दोन भागांची, तर ‘उमिबोझू’ आणि ‘बाकेनेको’ ही तीन भागांची. सर्वांना जोडणारे पात्र एकच. एक निनावी, फिरता औषधविक्या. त्याच्याजवळ एक तलवार आहे. पिशाचाचा नाश करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. पण ती सहजी म्यानाबाहेर येत नाही. त्या पिशाचाचे रूप, घडलेल्या घटनेचे सत्य आणि त्यामागील हेतू या तिन्ही गोष्टी उघड झाल्याखेरीज तलवार उपसता येत नाही. जपानी संज्ञांत यांना कताची, माकोतो आणि कोतोवारी म्हटले आहे. प्रत्येक आख्यान या तीन गोष्टींच्या शोधाचे आख्यान आहे.

३

मालिकेचे पहिले बलस्थान अर्थातच तिचे चित्ररूप. येथील प्रत्येक दृश्यावर हातकागदाचा पोत चढविलेला आहे. त्यामुळे पात्रे अवकाशात वावरत नसून कागदावर उमटत आहेत असा भास सतत होतो. घरांच्या भिंती, सरकते दरवाजे, वस्त्रे, पडदे यांवर नक्षीची दाटी आहे. खोलीचा आभास देणारी छायाप्रकाशाची पाश्चात्त्य रीत दूर ठेवून जपानी काष्ठठशांच्या चित्रांतील सपाटपणा येथे हेतुपूर्वक स्वीकारला आहे. पैठणच्या चित्रांशी परिचय असलेल्या प्रेक्षकास हा सपाटपणा उणीव वाटणार नाही. राक्षस आणि राजा, रथ आणि वृक्ष यांना एकाच पातळीवर आणून बसविणारी ही दृष्टी अद्भुताला अनुकूल असते. जे चित्र वास्तवाची नक्कल करण्याचा दावाच करीत नाही, त्यात अमानुषाचा प्रवेश खटकत नाही.

या रीतीस एक व्यावहारिक कारणही आहे. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या १९६३ साली सुरू झालेल्या मालिकेपासून जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन कमी चित्रांत काम भागविण्याच्या शिस्तीत वाढले. हालचाल थोडी, स्थिर चित्र अधिक, आणि उरलेला भार आवाजावर. सामान्य मालिकांत ही काटकसर उघडी पडते. नाकामुरांनी तिचीच शैली केली. त्यांच्या मालिकेत चित्र बराच काळ स्थिर असते आणि बोलणे, टाळ्यांसारखे नाद व अकस्मात येणारी शांतता त्यास गती देतात. चित्रकथी पोथीतील एक चित्र समोर धरतो आणि त्याच्या आवाजातून युद्ध घडते. त्यातलाच हा प्रकार. जपानमध्येही ‘एतोकी’ म्हणजे चित्रे दाखवून धर्मकथा सांगण्याची परंपरा होती, आणि व्हिक्टर मेअर यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात अशा चित्रकथनाच्या आशियाई परंपरांचा माग भारतापर्यंत नेला आहे. तेव्हा हे साम्य केवळ योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. निदान दोन्हीकडच्या श्रोत्यांची सवय एका जातीची आहे, एवढे म्हणता येते.

सरकत्या दरवाजाचा उपयोगही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रसंग बदलताना चित्रित कवाडे मिटतात आणि उघडतात. आरंभी ही केवळ रंगमंचीय खूण वाटते. पण मालिकेतील प्रत्येक कथा ही काहीतरी दाराआड ठेवल्याची कथा आहे, हे ध्यानात आले की खूण अर्थवाही होते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांचा परस्परसंबंध तपासण्याची दृष्टी दिली. त्या दृष्टीने पाहता, येथे दृश्यघटक व आशयघटक यांत संवादलय साधलेली आहे. नक्षी जितकी दाट, तितके तिच्याआडचे पाप खोल.

४

मालिकेचे दुसरे बलस्थान तिच्या नैतिक रचनेत आहे. त्याची चर्चा सहसा होत नाही.

पिशाच घालविणारा नायक हा विषय मराठी वाचकाला अनोळखी नाही. मुंजा, हडळ, जखीण या कल्पनांच्या मुळाशी अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचे दुःख आहे. मुंजीनंतर लग्नाआधी गेलेला मुलगा, गरोदरपणी वा बाळंतपणी गेलेली स्त्री, यांचीच भुते होतात. अंगात आलेल्यास देवऋषी विचारतो : तू कोण, याला का धरलेस, तुला काय हवे? जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्याने हा प्रश्नक्रम प्रत्यक्ष पाहिला नसला तरी ऐकलेला असतो. औषधविक्याच्या तीन अटी त्या प्रश्नांच्या फार जवळ जातात. भेद आहे तो येथे की, देवऋषी हे प्रश्न पछाडलेल्याला विचारतो, तर औषधविक्या ते भोवतालच्यांना विचारतो. पीडित स्त्रीला मारहाण करून भूत काढण्याच्या प्रथेस महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. ज्या समाजाला असा कायदा करावा लागला, त्याने मांत्रिकाला नायक करणारी कृती सावधपणे पाहणे योग्यच आहे. परंतु ‘मोनोनोके’ त्या प्रथेची पाठराखण करीत नाही. तिच्यात भूत हे रोग नसून पुरावा आहे. ज्याला घालवायचे, त्याचे म्हणणे आधी संपूर्ण ऐकावे लागते.

पहिल्याच आख्यानात हे दिसते. शिनो नावाची गरोदर तरुणी पावसात एका धर्मशाळावजा खाणावळीत आश्रय मागते. ती एका घरची मोलकरीण; मूल त्या घरच्या तरुण धन्याचे; आणि तिच्या मागावर मारेकरी. तिला दिलेल्या खोलीत बालकांची पिशाचे वावरतात. ती वास्तू पूर्वी वेश्यागृह होती आणि तेथील स्त्रियांचे गर्भ तेथेच बळजबरीने पाडले गेले होते, हे मालकिणीच्या तोंडून हळूहळू बाहेर येते. शिनो त्या न जन्मलेल्या जिवांना भिण्याऐवजी त्यांना जन्म देण्याची इच्छा व्यक्त करते. भयानकाचे करुणात झालेले हे रूपांतर कोणत्याही उसन्या युक्तीवाचून, सत्य कळण्याच्या ओघातच घडते.

‘उमिबोझू’ मध्ये एक वृद्ध भिक्षू पन्नास वर्षांपूर्वी आपल्याऐवजी समुद्राला बळी गेलेल्या बहिणीची कथा त्यागाची कथा म्हणून सांगतो. पुढे कळते की समुद्रातील भयाचे मूळ बहिणीच्या अतृप्तीत नसून भावाच्या भ्याडपणात आहे. स्वतःविषयी सांगितलेली सुंदर गोष्ट हीच येथे पापाची लपण्याची जागा ठरते. हा विचार मालिकेतील सर्वांत प्रौढ विचार आहे.

५

आता उणिवांकडे वळता येईल. पहिला आक्षेप साच्याच्या पुनरावृत्तीचा. तीन अटी, तीन उलगडे, तलवार उपसणे आणि शेवटी रंगांचा लोळ, हा क्रम पाचही वेळा येतो. साचा हा स्वतः दोष नव्हे. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतातच, गोंधळातही आवाहनाचा क्रम ठरलेला असतो. ठरलेल्या चौकटीमुळे श्रोत्याचे लक्ष नव्या आशयावर स्थिरावते. पण त्यासाठी चौकटीच्या प्रत्येक भागाचे कार्य स्पष्ट हवे. येथे ‘सत्य’ आणि ‘हेतू’ यांतील सीमारेषा अनेकदा पुसट होते. जे घडले ते सत्य आणि ज्या भावनेने ते पिशाचरूप झाले तो हेतू, असा भेद मालिकेस अभिप्रेत दिसतो. प्रत्यक्षात एकाच कबुलीतून दोन्ही अटी लागोपाठ पुऱ्या झाल्याचे जाहीर होते. प्रेक्षकाला तर्काचे समाधान मिळत नाही, विधी पार पडल्याचे मिळते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रत्येक आख्यानाचा अंत दृश्यवैभवात होतो. औषधविक्याचे दुसरे, तेजस्वी रूप प्रकटते, नक्षीचे भोवरे उठतात आणि पिशाच विरून जाते. ज्या अन्यायाचा शोध इतक्या संयमाने घेतला, त्याचा निकाल मात्र आतषबाजीने लागतो. खाणावळीच्या मालकिणीचे पुढे काय होते, भिक्षूच्या कबुलीने बुडालेल्या बहिणीस काय मिळते, हे प्रश्न रंगांच्या झोतात विरघळतात. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, समतोल साधण्याच्या क्षणीच एक घटक दुसऱ्यावर मात करतो. शोधाच्या भागात नक्षी आशयाची दासी असते. अंताच्या भागात ती स्वामिनी होते.

याच दोषाची एक उपशाखा म्हणजे स्त्रीदुःखाचे अलंकरण. पाचही आख्यानांत कोणत्या ना कोणत्या रूपात स्त्रीवर झालेला अन्याय केंद्राशी वा केंद्राजवळ आहे. त्याविषयीची सहानुभूती निःसंशय खरी आहे. परंतु जेव्हा यातनाही तितक्याच देखण्या नक्षीत मांडली जाते जितक्या एखादा पडदा वा छत्री, तेव्हा डोळा यातनेवर थांबतो की नक्षीवर, हे सांगणे कठीण होते.

तिसरा आक्षेप नायकाविषयी. औषधविक्या शेवटपर्यंत तोच राहतो. त्याचे अलिप्त, किंचित उपरोधी बोलणे आकर्षक आहे. पण बारा भागांत ऐकलेल्या कोणत्याही सत्याचा ओरखडा त्याच्यावर उमटत नाही. तो सूत्रधार आहे आणि सूत्रधाराला अंतरंग नसले तरी चालते, असे समर्थन करता येईल. ते मान्य केले तरी, जो दुसऱ्यांकडून कबुली घेतो तो स्वतः कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न कथेने एकदाही न विचारावा, ही उणीवच होय.

६

हे गुणदोष सर्व आख्यानांत सारख्या प्रमाणात नाहीत. म्हणून संपूर्ण मालिकेविषयी एकच निवाडा देणे अन्यायाचे ठरेल.

‘नोप्पेराबो’ मध्ये सासरच्या माणसांची हत्या केल्याच्या आरोपाखाली मृत्युदंड झालेली ओचो नावाची स्त्री आहे. नोप्पेराबो म्हणजे चेहरा नसलेले भूत. लाफकाडिओ हर्न यांच्या ‘क्वायदान’ (१९०४) मधील एका कथेमुळे ही कल्पना जपानबाहेरही पोचली. तेथे चेहरा नसणे हा भीतीचा धक्का आहे. येथे ते आईच्या महत्त्वाकांक्षेसाठी आणि सासरच्या सेवेसाठी स्वतःचा चेहरा गमावलेल्या स्त्रीचे वास्तव होते. लोककल्पनेचा असा अर्थविस्तार ही उच्च प्रतीची कारागिरी आहे. मात्र कथेतील घटना प्रत्यक्षात किती घडल्या आणि ओचोच्या मनात किती, हे इतके संदिग्ध ठेवले आहे की पहिल्या दर्शनात प्रेक्षक गोंधळतो. संदिग्धता आणि दुर्बोधता यांतील अंतर येथे फार थोडे उरते.

‘बाकेनेको’ हे अखेरचे आख्यान काळ बदलते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतील शहर, भुयारी रेल्वेची पहिली फेरी, आणि डब्यात अडकलेले प्रवासी. एका स्त्री-वार्ताहराच्या मृत्यूशी प्रत्येकाचा काही ना काही संबंध आहे. कोणी पाहिले नाही, कोणी पाहून बोलले नाही, कोणी खोटे बोलले. भोवतालची गर्दी निर्जीव पुतळ्यांसारखी रेखाटली आहे. बघे पुतळेच असतात, हा अभिप्राय एकही शब्द न बोलता व्यक्त होतो. कथेच्या दृष्टीने हे आख्यान बळकट आहे. पण कागदाचा पोत आणि जुन्या नक्षीचा सोस या आधुनिक परिसरात तितका स्वाभाविक वाटत नाही. शैली येथे सवयीने चालते.

चित्र आणि कथा यांची खरी एकरूपता साधते ती ‘नुए’ मध्ये. एका कुलीन कन्येच्या पाणिग्रहणासाठी आलेले वर सुगंध ओळखण्याच्या खेळात बसले आहेत. चौथा वर आलेला नाही. त्याची जागा औषधविक्या घेतो. वरांना हवी असते ती कन्या नव्हे, तर तिच्या घराण्याकडील एक दुर्मिळ सुगंधी लाकूड. हे आख्यान बव्हंशी करड्या, विरलेल्या रंगांत आहे. धूप जळतो आणि गंध दरवळतो, तेव्हाच चित्रात रंग भरतो. गंध हा डोळ्यांना न दिसणारा विषय रंगाच्या येण्याजाण्यातून दाखविला आहे. पुढे जेव्हा कळते की हे वर कधीच मेलेले आहेत आणि लाकडाच्या लोभाने त्याच खेळात अडकून पडले आहेत, तेव्हा त्या करडेपणाचे कारण मागाहून उमगते. जे आरंभी शैली वाटले, ते सत्य होते. ‘भावनिष्ठ समतानता’ ही मर्ढेकरांची संज्ञा ज्या प्रकारच्या संबंधाकडे निर्देश करते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण चित्रमाध्यमात शोधणे सोपे नाही. विशेष हे की, सर्वाधिक नावाजलेल्या या शैलीतील सर्वोत्तम आख्यान नक्षी आवरल्यामुळे सर्वोत्तम झाले आहे.

७

‘मोनोनोके’ चा एकूण हिशेब असा मांडता येतो. तिचे चित्ररूप ही वरून चढविलेली शोभा नव्हे; दडविणे आणि उघड करणे या कथाव्यापाराशी ते आतून जोडलेले आहे. तिची नैतिक दृष्टी शत्रूला मारण्यापूर्वी त्याला समजून घेण्याची अट घालते. अद्भुतकथेत ही अट दुर्मिळ आहे. परंतु अंताच्या क्षणी ती स्वतःच्या अटीपेक्षा स्वतःच्या रंगांवर अधिक विसंबते, आणि साचा जेथे विचाराची जागा घेतो तेथे ती पोकळ होते. २०२४ पासून याच औषधविक्याला घेऊन चित्रपटही येऊ लागले आहेत, तेव्हा या दोषाकडे कानाडोळा करणे हिताचे नाही. कीर्ती रंगांची झाली की मागणीही रंगांचीच होते.

मराठी अभ्यासकाला यातून घेण्याजोगा धडा परक्या मालिकेपुरता नाही. पैठणच्या चित्रांचे आज जे कौतुक होते, ते बहुधा रेषेचे आणि रंगाचे होते. त्यांतील डोळे इतके मोठे का, हा प्रश्न ती चित्रे मिणमिणत्या उजेडात, आवाजाच्या साथीने, अनेकांनी मिळून पाहावयाची होती हे ध्यानात घेतल्यावाचून नीट विचारताही येत नाही. औषधविक्याची तलवार रूप कळताच म्यानाबाहेर येत नाही. तिला घडलेले सत्य आणि त्यामागील हेतूही कळावे लागतात. काचेआडच्या पोथीसमोर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकावरही हीच अट आहे. रूपाचे वर्णन पुष्कळ झाले. त्या चित्रांसोबत काय सांगितले जात होते आणि कोणासाठी, याचा शोध अजून बराच व्हावयाचा आहे.